खतावणीस लागणारी कीड

आपल्या स्मरणिकेत धान्यबाजाराचा वार्षिक आढावा देण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. यंदाही तूर-हरभऱ्याची आवक, आयातशुल्कातील फेरफार आणि वाढती हमाली ह्यांविषयी चार पाने लिहावीत असाच आमचा विचार होता. परंतु संपादक मंडळाने ह्या खेपेस निराळाच विषय सुचविला : पेढीवरचा संगणक, त्यातील हिशेब, आणि तो पळविणारे किंवा नासविणारे अदृश्य चोर. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ह्या शास्त्रातील आम्ही पंडित नव्हेत. तरीही विषय नाकारावासा वाटला नाही. अलीकडच्या काळात ह्या चोरांनी जगभर जे उत्पात केले, त्यांपैकी एका अतिशय मोठ्या उत्पाताचा उगम जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि जमाखर्च ही तर आपली घरचीच गोष्ट होय.

धान्याच्या वखारीत ज्यांनी आयुष्य घालविले त्यांस ठाऊक आहे की, सोंडकिडा भिंत फोडून आत येत नाही. वखारीस कुलूप असते, रखवालदार असतो, खिडकीस जाळी असते. तरी कीड येते. ती मालाबरोबर येते, आणि पुष्कळदा माल उत्तम असूनही बारदानाबरोबर येते. तागाच्या विणीत दडून बसलेला किडा, ज्या व्यापाऱ्यावर आपला तीस वर्षांचा विश्वास त्याच्याच गाडीतून उतरतो. आपलेच हमाल ते पोते पाठीवरून आत आणतात आणि आपलाच माणूस त्याची पावती करतो. पुढे महिना-सव्वा महिना काहीच दिसत नाही. मग एके दिवशी थप्पीच्या पायथ्याशी पीठ सांडल्यासारखे दिसू लागते, आणि पाहावे तो शेजारची थप्पीही गेलेली असते.

युक्रेन देशात नेमके असेच घडले. तेथील असंख्य पेढ्या व कारखाने कर भरण्यासाठी आणि जमाखर्चासाठी ‘एम. ई. डॉक’ नावाचे सॉफ्टवेअर वापरीत. आपण जीएसटीच्या कामासाठी जे वापरतो त्याच जातीचे ते साधन. ते बनविणारी कंपनी राजधानी कीव्ह येथील, घरगुती स्वरूपाची. ही कंपनी वेळोवेळी सुधारित आवृत्ती पाठवी आणि ग्राहकांचे संगणक ती निःशंकपणे उतरवून घेत. २०१७ च्या एप्रिल ते जून ह्या काळात पाठविलेल्या आवृत्त्यांपैकी तिहींमध्ये एक चोरदरवाजा दडविलेला होता. तो कंपनीने ठेवला नव्हता. कंपनीच्या यंत्रांत शिरून परक्यांनी तो ठेवून दिला होता. बारदान विश्वासू व्यापाऱ्याचे, कीड तिऱ्हाइताची!

दि. २७ जून २०१७ रोजी, म्हणजे युक्रेनच्या संविधानदिनाच्या आदल्या दिवशी, त्या दरवाजातून एक विध्वंसक प्रोग्राम सोडण्यात आला. ‘नॉटपेट्या’ हे नाव त्यास पुढे पडले. संगणकाच्या पडद्यावर तीनशे डॉलर खंडणीची मागणी उमटे. परंतु ती शुद्ध थाप होती. पैसे भरले तरी माहिती परत मिळण्याची सोय त्या प्रोग्राममध्ये नव्हतीच. चोर घरात शिरून दागिने नेतो, हे आपणांस समजते. पण कीर्द-खतावणी जाळून राख करून जाणारा हा प्रकार व्यापाऱ्याच्या बुद्धीस सहसा सुचणारा नव्हे. पुढे अमेरिका व ब्रिटन ह्यांच्या सरकारांनी ह्या कृत्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला व रशियाने तो नाकारला. ते राजकारण आपण बाजूस ठेवू.

आगीची झळ मात्र युक्रेनपुरती राहिली नाही. डेन्मार्कची मर्स्क ही जगातील अग्रगण्य जहाज कंपनी. तिच्या ओडेसा येथील कचेरीत एका, केवळ एका, संगणकावर हे हिशेबाचे सॉफ्टवेअर बसविलेले होते, असे नंतर प्रसिद्ध झाले. तेवढ्या वाटेने कीड आत गेली आणि काही तासांत निरनिराळ्या खंडांतील तिच्या कचेऱ्या अंधारल्या. आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात ह्याच समूहाच्या ताब्यातील टर्मिनलचे कामही ठप्प झाले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कोंडी होऊ नये म्हणून बंदरास धावपळ करावी लागली. आपल्या सीमाभागातून त्या बंदराकडे माल धाडणाऱ्यांनी विचार करावा : ओडेसातील एका कारकुनाचा संगणक आणि बेळगावच्या व्यापाऱ्याचा कंटेनर ह्यांत अंतर किती उरले? मर्स्कला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांचे झाले.

ह्या हकीकतीतील तारखा आम्ही एका कागदावर क्रमाने मांडून पाहिल्या. हा प्रोग्राम एका संगणकावरून दुसऱ्यावर ज्या फटीतून पसरला, त्यांपैकी एक फट मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीतील होती. ती बुजविणारी दुरुस्ती कंपनीने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केली होती. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १४ एप्रिलला, त्या फटीत घालावयाचे हत्यार चव्हाट्यावर आले. हे हत्यार अमेरिकेच्या हेरखात्याने स्वतःसाठी घडविलेले होते आणि तेथून ते चोरीस गेले होते. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या दुसऱ्याच प्रोग्रामने त्याच हत्याराने सुमारे दीडशे देशांत हाहाकार उडविला. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांस शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आणि तरीही २७ जूनला असंख्य दारे उघडीच होती. दुरुस्ती फुकट होती. कुलूप दाराशी आणून ठेवलेले होते, ते लावावयाचे राहिले.

अशा फटी मुळात राहतातच का, असा प्रश्न आमच्या पिढीचे लोक विचारतात. प्रोग्राम म्हणजे लाखो ओळींची कीर्द समजा. कितीही निष्णात दिवाणजी असला तरी एवढ्या मोठ्या कीर्दीत कोठेतरी एखादा हातचा विसरला जाणारच. पुढे कोणी सज्जन ती चूक शोधून काढतो व कंपनी दुरुस्ती पाठविते. परंतु दुरुस्ती प्रसिद्ध होणे म्हणजेच चूक नेमकी कोठे होती ह्याची दवंडी पिटणे होय. ती दवंडी चोरही ऐकतात, आणि ज्यांनी दुरुस्ती लावलेली नाही त्यांच्या शोधास निघतात. म्हणून दुरुस्ती आल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे.

आमच्या रविवार पेठेत ह्यावर ऐकू येणारी उत्तरे ठराविक आहेत. “हंगाम संपू दे, मग बघू.” “अपडेट केले की बिलाचा नमुना बिघडतो.” तिसरे उत्तर कोणी मोठ्याने देत नाही, पण ते खरे असते : पेढीवरील हिशेबाचे सॉफ्टवेअर कुलूप फोडलेल्या फुकट प्रतीचे आहे, आणि दुरुस्ती घ्यावयास गेल्यास ती प्रत बंद पडेल. अचौर्याची गोष्ट क्षणभर दूर ठेवली तरी, ज्याने दुसऱ्याचे कुलूप फोडून ती प्रत आपणांस दिली, त्याने तीत आणखी काय घातले असेल हे कोण पाहतो? परवान्याच्या वर्गणीची रक्कम वाचविण्यासाठी संपूर्ण वर्षाची उधारी-वसुली अनोळखी माणसाच्या हाती देणे, हा हिशेब आम्हांस तरी जुळत नाही. तसेच ज्या पेढ्यांवर विंडोज १० आहे त्यांनी ध्यानी घ्यावे की, त्या प्रणालीस दुरुस्त्या पुरविण्याची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ७ ची तर जानेवारी २०२० मध्येच संपली होती. तीही काही गल्ल्यांमागे अद्याप सुखाने चालताना आम्ही पाहतो.

तथापि दुरुस्ती लावली की सर्व झाले, असेही समजू नये. ‘नॉटपेट्या’ने आत शिरल्यावर संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड चोरले आणि त्यांच्या आधारे दुरुस्त केलेले संगणकही गाठले. पेढीवरील पाचही संगणकांस एकच पासवर्ड, आणि तोही पेढीचे नाव व स्थापनेचे साल जोडून केलेला, ही रीत त्यामुळेच घातक. कारकुनास जेवढे दालन लागते तेवढ्याचीच किल्ली त्याच्याकडे असावी, हा नियम आपण तिजोरीस लावतो. तो येथेही लावावा. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर सर्वांस ओटीपीची दुसरी पायरी सक्तीची झाली, तेव्हा पेठेत मोठी कुरकुर झाली : मालक लग्नास परगावी, ओटीपी त्यांच्या खिशात, आणि भरलेली गाडी दारात उभी! कुरकूर समजण्यासारखी आहे. परंतु प्रत्येक कारकुनाचे स्वतःच्या मोबाइल क्रमांकासह उपखाते उघडण्याची सोय त्याच संकेतस्थळावर आहे, ती वापरली म्हणजे गाडीही निघते आणि बिल कोणी केले ह्याची नोंदही राहते.

सावधपणा म्हणजे काय ह्याचे एक उदाहरण आम्हांस फार आवडले, ते येथे दिल्यावाचून राहवत नाही. जगातील असंख्य सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, तीत माहितीचे आकारमान आटोपशीर करणारा ‘एक्सझेड’ नावाचा एक लहानसा भाग आहे. तो सांभाळणारा मनुष्य विनावेतन, हौसेने ते काम करी. ‘जिया टॅन’ असे नाव सांगणाऱ्या एका व्यक्तीने त्यास मदत करावयास प्रारंभ केला, दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून विश्वास संपादिला, आणि किल्ल्या हाती आल्यावर २०२४ च्या प्रारंभी त्यात चोरदरवाजा बसविला. त्या नावामागे खरोखर कोण होते हे आजही उघड झालेले नाही. दोन वर्षे इमानाने नोकरी करून मग तिजोरीकडे वळणारा मुनीम आपल्या आजोबांच्या गोष्टींत असे; तोच हा. पण पकडला कसा गेला? आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्यास आपल्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्याने मागोवा घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जगापुढे मांडला. ती आवृत्ती सर्वत्र पसरण्यापूर्वीच संकट टळले. आमच्याकडील जुने दलाल मूठभर गहू हातात घेऊन, एक दाणा दातांखाली फोडून ओलावा सांगतात, त्यांच्या पंक्तीतला हा गृहस्थ.

आता आपल्या पैशाकडे वळू, कारण तो पेढीच्या संगणकात थोडा व बँकेच्या संगणकात अधिक असतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये पडलेला दरोडा आपणांपैकी पुष्कळांस आठवत असेल. एटीएम यंत्रात कार्ड घातले की, “खात्यात रक्कम आहे काय?” ही विचारणा बँकेच्या मुख्य खतावणीपर्यंत जाते आणि तेथून होकार आल्यावर नोटा बाहेर पडतात. चोरांनी वाटेतच एक बनावट यंत्रणा उभी केली. ती प्रत्येक विचारणेस परस्पर होकार देऊ लागली आणि मुख्य खतावणीस पत्ताच लागला नाही. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांनी २८ देशांतून रक्कम उपसली गेली. १३ तारखेस आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्याकडे वळविण्यात आले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्ट हा महिन्याचा दुसरा शनिवार होता, हे मुद्दाम सांगतो. बँकेस सुटी असते तो दिवस चोरांनी पंचांग पाहून निवडला असावा. पुढे ३१ जुलै २०२४ रोजी, अनेक लहान सहकारी व ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० बँकांचे किरकोळ देवघेवीचे व्यवहार खबरदारी म्हणून तोडावे लागले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले. चूक त्या बँकांची नव्हती. त्यांच्या पुरवठादाराच्या बारदानात ती होती.

दिवस निवडण्याची ही कला धान्यव्यापाऱ्यांस विशेष परिचयाची व्हावी अशी एक हकीकत अमेरिकेतील आहे. आयोवा राज्यात फोर्ट डॉज येथे ‘न्यू कोऑपरेटिव्ह’ ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था मका व सोयाबीन खरेदी करते आणि जनावरांचे खाद्य पुरविते. सप्टेंबर २०२१ मध्ये, सुगी दाराशी आली असता, ‘ब्लॅकमॅटर’ ह्या टोळीने तिची संगणक यंत्रणा कुलूपबंद केली व ५९ लाख डॉलर मागितले. त्याच सुमारास मिनेसोटा राज्यातील आणखी एका धान्य सहकारी संस्थेवर तोच प्रसंग आला. अमेरिकेच्या तपास खात्याने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते की, २०२१ च्या सुगीत अशा सहा धान्य संस्थांवर आणि २०२२ च्या प्रारंभी आणखी दोहोंवर हल्ले झाले. कारण उघड आहे. मका शेतात उभा, ट्रॉल्यांची रांग दारात, आणि काटा संगणकाशी जोडलेला; अशा वेळी मालक घासाघीस न करता पैसे देईल, ही अटकळ. आपल्याकडे तुरीची आवक, मार्चअखेर आणि दिवाळी हे असेच दिवस होत. “हंगाम संपू दे” हे उत्तर त्यामुळेच आम्हांस पटत नाही.

हे सर्व दूर देशीचे वाटत असेल तर पेठेतील एक प्रसंग सांगतो. आमच्या परिचयाच्या एका पेढीने परराज्यातील एका डाळ गिरणीकडून नित्याप्रमाणे माल मागविला. बिल आले, आणि दोन दिवसांनी त्याच पत्त्यावरून भासणारा ई-मेल आला की, आमचे बँकखाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी. नावे, बिलाचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, सारे बरोबर. कोणीतरी दोघांचा पत्रव्यवहार आधीच वाचीत होता. ई-मेलच्या पत्त्यात एकच अक्षर निराळे होते. गाडीभर मालाची रक्कम गेली आणि गिरणीचे देणे उरलेच. येथे कोणतेही महाग यंत्र कामास आले नसते, दिवाणजींनी गिरणीच्या मालकांस त्यांच्या जुन्या, ठाऊक असलेल्या क्रमांकावर “काय शेठ, खाते बदलले म्हणता?” एवढे विचारले असते तरी पुरे होते. आमच्या पेढीवर आता असा दंडक आहे की, खाते बदलल्याची सूचना कोठूनही आली तरी दोन दिवस रक्कम थांबते, मग समोरचा कितीही रागावो. मोबाइलवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची नोटीस म्हणून येणाऱ्या ‘एपीके’ नावाच्या फायली हा त्याच चोरांचा धाकटा भाऊ. पत्रिका पाहण्यास काही बसवून घ्यावे लागत नाही, हे नातवंडांनीच आम्हांस शिकविले.

एवढे करूनही कीड शिरली तर काय? येथे मर्स्कचीच गोष्ट पुन्हा उपयोगी पडते. त्या कंपनीच्या साऱ्या जाळ्याची मूळ नोंद सुमारे दीडशे सर्व्हरांवर सारखी राखलेली असे. एक गेला तर दुसरा आहे ह्या भरवशावर. पण सर्व एकमेकांशी जोडलेले असल्याने सर्व एकदमच गेले. वाचला तो एक, आफ्रिकेतील घाना देशातला, आणि तोही अशासाठी की, हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती! त्याची तबकडी माणसाकरवी विमानाने इंग्लंडला न्यावी लागली, तेव्हा कंपनीचे पुनरुज्जीवन होऊ शकले. वीज जाण्यास आपण सीमाभागातील लोक नेहमी शिव्याच देत आलो आहोत. तिने एका जागतिक कंपनीची अब्रू राखली हे वाचून आम्हांस गंमत वाटली.

त्यावरून आम्ही आमची व्यवस्था बदलली. हिशेबाची एक प्रत रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर उतरते. दर शनिवारी सायंकाळी दुसरी प्रत सुट्या तबकडीवर घेऊन तबकडी संगणकापासून काढून घरच्या कपाटात जाते. अशा दोन तबकड्या आळीपाळीने फिरतात. तीन महिन्यांतून एकदा एका रिकाम्या संगणकावर ती प्रत उघडून खतावणीची बेरीज जुळते की नाही हे दिवाणजी तपासतात. हे शेवटचे काम बहुतेक जण करीत नाहीत, आणि प्रसंग आल्यावर तबकडी कोरी निघते. शिवाय दर महिन्याच्या पाच तारखेस येणे-देण्याची यादी कागदावर छापून लाल कापडात बांधली जाते. त्यास चिरंजीव हसतात. हसोत.

विम्याविषयी पुष्कळ जण विचारतात. संगणकाच्या हानीचा विमा आता मिळतो, पण कलमे वाचून घ्यावीत. ‘नॉटपेट्या’मुळे दहा कोटी डॉलरांचे नुकसान झाल्याचा दावा मॉन्डलीझ ह्या खाद्यपदार्थ कंपनीने केला, तेव्हा हे युद्धसदृश कृत्य आहे असे म्हणून विमा कंपनीने तो नाकारला, तो तंटा २०२२ मध्ये आपसांत मिटेपर्यंत वर्षे गेली. मर्क ह्या औषध कंपनीच्या तशाच दाव्यात न्यू जर्सीच्या न्यायालयांनी मात्र विमेदाराच्या बाजूने कौल दिला.

प्रसंग घडलाच तर पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या तासात कळविल्यास रक्कम वाटेतच अडविण्याची आशा असते, दुसऱ्या दिवशी ती फारशी उरत नाही. संगणकावरील हल्ल्याची वर्दी व्यावसायिक संस्थांनी सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ ह्या केंद्र सरकारच्या संस्थेस द्यावी असा तिचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. दूषित संगणक बंद करण्यापूर्वी प्रथम त्याची जाळ्याशी जोडलेली तार काढावी, म्हणजे शेजारचे वाचतात. हे सर्व आम्ही एका पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्यामागच्या भिंतीवर, हमालीच्या दरपत्रकाशेजारी टांगले आहे. त्याखाली दिवाणजींनी बँकेच्या शाखाधिकाऱ्यांचा, सॉफ्टवेअर पुरविणाऱ्याचा आणि चार मोठ्या गिरण्यांचा दूरध्वनी क्रमांक शाईने लिहून ठेवला आहे. पूर्वी ते क्रमांक संगणकातच असत.